अश्वशक्तीवरून हार्वेस्टरची क्षमता कळत नाही

हार्वेस्टरचे (कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या मशीनचे) वर्ग इंजिनाची अश्वशक्ती आणि कटरबारच्या, म्हणजे पीक कापणाऱ्या पुढच्या पात्याच्या पट्टीच्या, रुंदीवरून पाडावेत, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. आमची शेती इंदूरजवळ सांवेरकडे, गहू-सोयाबीनची. मागच्या चैतात भाड्याचं मशीन आलं होतं. चालक घाईत. मशीनमागे पडलेला भुसा मूठभर उचलून फुंकला, तर तळहातावर चौदा दाणे! वेग कमी करायला लावला, पुढच्या मुठीत तीनच. मशीन तेच, इंजिन तेच.

खरी क्षमता म्हणजे दाण्याचं नुकसान ठरलेल्या टक्क्याच्या आत ठेवून मशीन तासाला किती टन काड-भुसा पोटातून काढतं ती. एका मर्यादेनंतर वॉकरवरून (काड हलवून उरलेले दाणे झटकणाऱ्या भागावरून) दाणे भसाभस मागे जातात, म्हणून चाचणीत वेग वाढवत नेऊन नुकसानीचा आलेख काढतात. पिकाचा ओलावा, दाणा-काडाचं प्रमाणही नोंदवावं लागतं. सकाळच्या दवातला गहू आणि दुपारचा गहू एक नव्हे.

चाचणी करणारी केंद्रीय संस्था आपल्याच मध्य प्रदेशात, बुदनीला आहे. तिथल्या अहवालातला नुकसानीचा आकडा विक्रेत्याने मशीनवर ठळक लिहावा. आम्हाला माहितीपत्रकात फक्त एचपी, म्हणजे अश्वशक्ती, दाखवतात.