घ्रेलिन वाढलेलं नसतं, घसरत नसतं

लठ्ठपणा आणि भुकेच्या हार्मोनांवरच्या एका लेखात म्हटलंय की लठ्ठ माणसात भुकेचं हार्मोन घ्रेलिन जास्त असतं. उलट आहे. उपाशीपोटी ते सडपातळ माणसापेक्षा कमीच भरतं. बिघाड असा की जेवल्यावर ते पुरेसं खाली येत नाही. घ्रेलिन इन्सुलिनच्या स्रवण्यालाही आवर घालतं, हे लेखात राहून गेलं. पोट भरल्याचा निरोप देणारं हार्मोन लेप्टिन तर चरबीतून भरपूर येतं, पण मेंदू दाद देत नाही.

रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने खरा मोहरा म्हणजे जीएलपी-१ हे आतड्यातलं हार्मोन. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून प्रामुख्याने येतो, रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतो, पण तेवढ्यात इन्सुलिन वाढवतो, साखर वाढवणारं हार्मोन ग्लुकागॉन दाबतो आणि जठर सावकाश रिकामं करायला लावतो. भाजी-उसळ आधी पोटात गेली की तो भाकरीच्या आधीच सुटायला लागतो, म्हणून ताटातला क्रम महत्त्वाचा. आधी काकडी, अंबाडीची भाजी, मटकीची उसळ; दहा-पंधरा मिनिटांनी ज्वारीची भाकरी. पदार्थ तेच, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्याकडे सकाळी नुसता सुशीला आणि गोड चहा होतो, तिथे गडबड: मुरमुरे झटकन पचतात. त्यात शेंगदाणे सढळ हाताने घाला, सोबत वाटीभर मोड आलेली मटकी घ्या. (चहातला गूळ म्हणजेही साखरच, बरं का.)

फरक बघायचा तर हात धुऊन ग्लुकोमीटरने मोजा, पहिल्या घासापासून दोन तासांनी, शेवटच्या घासापासून नव्हे.

ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची गोळी) किंवा इन्सुलिन चालू असताना सेमाग्लुटाइडसारखं, जीएलपी-१ चं काम करणारं इंजेक्शन सुरू झालं, तर आधीचा डोस बहुधा कमी करावा लागतो, नाहीतर साखर एकदम उतरते. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.