रक्ताला हात न लावता रक्तसंशोधक व्हा

रक्तशास्त्रात नाव काढायचं मनावर घेतलंय ना? मग सगळ्यात आधी रक्ताचा नाद सोडा.

रक्ताच्या वाटेला जाऊन कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. सकाळी आठला ओपीडीच्या रांगेशी उभं राहायचं. एथिक्स कमिटीला पाच प्रतींत अर्ज द्यायचा. कमिटी तीन महिन्यांनी बसणार आणि बसली की म्हणणार, संमतिपत्र मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही आणा. (सोलापुरात ही मागणी अगदी रास्त आहे; पण माणूस थकतो तो रास्त मागण्यांनीच.) ते होईस्तोवर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबा संपलेल्या. दोन वर्षं घासून साठ नमुने जमवायचे, त्यातले नऊ गोठलेले निघायचे, आणि उरलेल्यांचा निष्कर्ष काय, तर गरीब बाईच्या अंगात रक्त कमी असतं. हे तर तिला स्वतःलाच ठाऊक होतं, तेही फुकट.

त्यापेक्षा रक्तशास्त्राचं एखादं जर्नल पकडा आणि त्या जर्नलवरच पेपर लिहा. ‘अमुक जर्नलमधील संशोधनाचे कल व सायटेशन इम्पॅक्ट : दहा वर्षांचा बिब्लिओमेट्रिक अभ्यास’. बघा, नुसत्या नावानेच अर्धं पान भरलं. (बिब्लिओमेट्रिक म्हणजे पेपर वाचायचे नाहीत, मोजायचे; आणि सायटेशन म्हणजे एका पेपराने दुसऱ्याचा दिलेला दाखला.) जर्नलची संमती घ्यावी लागत नाही, सुई पाहून त्याला चक्कर येत नाही, आणि फॉलोअपला न आलेलं जर्नल माझ्या पाहण्यात नाही.

हा ऐकीव सल्ला नव्हे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली आहेत. आमच्या शास्त्राचे आद्यपुरुष रंगनाथन. ग्रंथालयाच्या कामात संख्याशास्त्र आणावं म्हणून त्यांनी १९४८ साली ‘लायब्रमेट्री’ हा शब्द सुचवला. पुढे १९६९ साली प्रिचर्ड नावाच्या इंग्रजाने ‘बिब्लिओमेट्रिक्स’ शब्द रूढ केला. कपाटं किती, वाचक किती, कोणता ग्रंथ किती फिरतो, असा तो सरळमार्गी हिशेब होता. आपण तो बढतीच्या कामाला लावला. रंगनाथनांचा पहिला नियमच आहे की ग्रंथ उपयोगासाठी असतात. आता उपयोग कुणाला, हे त्यांनी कुठे सांगून ठेवलंय?

कृती सोपी आहे. स्कोपसमध्ये, म्हणजे जगभरच्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या सूचीत, जर्नलचं नाव घाला, वर्षं निवडा, यादी उतरवून घ्या. चहा येईस्तोवर हजारभर पेपरांचे मथळे, लेखक, गावं आणि कीवर्ड तुमच्या लॅपटॉपवर. ते पेपर उघडायचे मात्र नाहीत. एकदा उघडलात की वाचावेसे वाटतात, आणि वाचत बसलेला माणूस पेपर लिहीत नाही. मग लायडन विद्यापीठाचं व्हीओएस-व्ह्यूअर हे फुकटातलं सॉफ्टवेअर घ्या आणि यादी त्यात ओता. पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात, ठिपक्यांना रेषा जोडल्या जातात आणि थेट आपल्या चादरीवरच्या नक्षीसारखं काहीतरी तयार होतं. त्याला ‘ज्ञानक्षेत्राचा नकाशा’ म्हणायचं. परीक्षक इथेच गार पडतो.

एक गोष्ट सांभाळा. सॉफ्टवेअर अक्षरं ओळखतं, माणसं ओळखत नाही. आपल्या गावाचं नाव इंग्रजांच्या काळी ‘शोलापूर’ असं लिहीत, आता ‘सोलापूर’. काही लेखक अजून जुन्या सवयीने पत्त्यात शोलापूरच टाकतात. माझ्या पहिल्या नकाशात ही दोन वेगवेगळी गावं आली आणि त्यांच्यामध्ये चांगली जाड रेष. त्या रेषेवर मी परिच्छेद लिहिला : ‘सोलापूर व शोलापूर या दोन शहरांमध्ये संशोधन-सहकार्य वाढीस लागलेले दिसते.’ पेपर छापून आला. दोन परीक्षकांनी तपासला होता. एकाने तर शेरा मारला की या दोन शहरांमधल्या भौगोलिक अंतराचाही विचार व्हावा.

ब्रिटिश स्पेलिंगचा ॲनिमिया आणि अमेरिकन स्पेलिंगचा ॲनिमिया यांचंही तेच. एक अक्षर इकडचं तिकडे आणि नकाशावर दोन रोग. समानार्थी शब्दांची फाइल करून दिली की ते एकत्र येतात, पण ती तुम्ही कशाला करता? दोन ठिपके, दोन परिच्छेद. कुलकर्णींच्या बाबतीत उलटा फायदा होतो. आडनाव आणि एकच आद्याक्षर घेतलं, की पुण्याचे, नागपूरचे, मिरजेचे सगळे एस. कुलकर्णी मिळून एक प्रचंड कुलकर्णी उभा राहतो. रक्ताच्या कर्करोगापासून सर्पदंशापर्यंत त्याला काही वर्ज्य नाही. ‘सर्वाधिक उत्पादक लेखक’ म्हणून त्याचा तक्ता द्या.

लोटकाचा नियम लावायला विसरू नका. १९२६ सालचा आहे, म्हणजे पुरेसा जुना, म्हणजे आदरणीय. एकच पेपर लिहून गप्प बसणारे लेखक साधारण साठ टक्के असतात, आणि पेपरांचा आकडा वाढेल तशी लेखकांची संख्या वर्गाच्या प्रमाणात घसरते. तुमची आकडेवारी जुळली तर लिहा, ‘नियमाला पुष्टी मिळाली’. नाही जुळली तर लिहा, ‘लक्षणीय विचलन आढळले’. मजकूर दोन्हीकडे दीड पान.

आता इम्पॅक्ट फॅक्टर. हे माप मुळात आमचं, ग्रंथालयवाल्यांचं. युजीन गारफिल्ड यांनी साठच्या दशकात ते काढलं ते सायटेशनच्या सूचीत कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवायला. १९७५ पासून त्याचे वार्षिक अहवाल निघू लागले आणि कुठल्या जर्नलची वर्गणी भरावी हे आम्ही त्यावरून ठरवू लागलो. सुताचे गठ्ठे तोलायचा काटा होता हो तो. पुढे कुणाला तरी सुचलं की ह्यावर माणसंही उभी करता येतील.

गणित चौथीच्या पोराला जमेल असं. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत जर्नलने मिळून २०० लेख छापले, आणि २०२४ मध्ये जगभरच्या पेपरांनी त्या लेखांचे १६० वेळा दाखले दिले, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ०.८. गंमत भागाकाराच्या खालच्या अंगात आहे. खाली फक्त संशोधनलेख आणि समीक्षालेख मोजतात. संपादकीय आणि वाचकांची पत्रं मोजत नाहीत. पण त्या पत्रांना कुणी दाखला दिला तर तो वर मोजला जातो! म्हणजे जेवायला बसताना पंगतीत नाव नाही, पण दक्षिणा मिळाली तर ती यजमानाच्या खात्यात. तुम्ही संपादक असाल तर पत्रं भरपूर छापा. नसाल तर संपादकाला पत्र लिहा, आणि त्यात त्याच्याच जर्नलमधल्या गेल्या दोन वर्षांतल्या पंधरा लेखांचा कौतुकाने उल्लेख करा. तुमचा पुढचा पेपर लवकर स्वीकारला जाईल असं मी म्हणत नाही. मी फक्त ऋणानुबंध म्हणतो.

ऋणानुबंधांवरून आठवलं. तुमच्या घरात आहेराची वही असेलच. कुणाच्या लग्नात आपण एकशे एक लिहिले, त्यांनी आपल्या मुंजीत एक्कावन्नच लिहिले, हे आई तीस वर्षांनीही सांगते. सायटेशनची वही तशीच ठेवा. डाव्या रकान्यात आपण कुणाला किती दाखले दिले, उजव्यात परत किती आले. वर्ष संपलं की फोन करायचा : “सर, आमच्याकडून चार गेले, तुमच्याकडून एकच दिसतंय.” समोरचा शरमतो आणि पुढच्या पेपरात तुमचा आयर्न डेफिशियन्सीचा लेख हिमोफिलियाच्या चर्चेत आणून बसवतो. पण भावकीतच आहेर फिरवत बसू नका. फार झालं की जर्नलचं नाव वार्षिक अहवालातून गळतं आणि मग सगळ्या वऱ्हाडाची लाज जाते. असं घडलेलं आहे, अनेकदा.

काय लिहिलं की दाखले मिळतात? नवं काही शोधून क्वचितच. जगात सर्वाधिक दाखले मिळालेला पेपर म्हणजे लोवरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा, तीन लाखांच्या वर. त्यात आहे काय, तर द्रावणात प्रथिन किती ते मोजायची रीत. ज्याला मोजायचंय तो दाखला देतो. स्फटिकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास घुटमळत होता. २००८ साली त्यात शेल्ड्रिक यांनी आपल्या संगणकप्रणालीचा इतिहास लिहिला, ती प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाने त्याचा दाखला दिला, आणि २००९ चा आकडा ४९ च्या वर गेला. बाकीचे लेखक जागच्या जागी होते. गावातल्या एकाला लॉटरी लागावी आणि सगळ्या गावाचं सरासरी उत्पन्न वाढावं, तसं. रक्तशास्त्रातही वर्गीकरणं आणि मार्गदर्शक सूचनाच दाखले ओढतात. तेव्हा शोध लावू नका, यादी करा.

शोध लावला की काय होतं ते पाहायचंय? १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये एक छोटं टिपण दिलं. ए नाही, बी नाही, ओ-सुद्धा नाही असं रक्त त्यांना आढळलं होतं. तोच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. आपल्याकडे दहा हजारांत एखाद्याचा असतो, आणि त्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही. आजही रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांचे फोन वाजतात ते ह्या टिपणामुळे. आता ते टिपण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या तक्त्यात बसवू; प्राध्यापकांच्या बढतीसाठी पेपरांना गुण देतात तो तक्ता. १९५२ मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर जन्मालाच आला नव्हता. म्हणजे ‘इम्पॅक्ट फॅक्टर नसलेले जर्नल’, वाढीव गुण ५. लेखक सात. पहिल्या लेखकाला सत्तर टक्के, म्हणजे या पाचांतले भेंड्यांना साडेतीन. उरलेल्या सहांना तीस टक्क्यांप्रमाणे दीड-दीड. त्या सहांत रेस आणि सँगर होते. रक्तगटांच्या जगात ही दोन नावं म्हणजे दैवतं. दीड गुण. आणि हेच जर्नल दहाच्या वरच्या इम्पॅक्ट फॅक्टरचं असतं तर तक्त्यात ३० आहेत. भेंड्यांनी थोडी वाट पाहायला हवी होती.

आता कल, म्हणजे ट्रेंड. ह्याच नकाशाचं दुसरं रूप काढता येतं, ज्यात जुने विषय जांभळे-निळे आणि नवे पिवळे दिसतात. सध्या कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या) पिवळं आहे, जीन एडिटिंग म्हणजे जनुक संपादन पिवळं आहे. यात खोटं काही नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअलच्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी ब्रिटन-अमेरिकेत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जनुक संपादनाचा उपचार मंजूर झाला. मोठी कामं आहेत ती. आपल्याला त्यातले फक्त कीवर्ड हवेत. पेपर कुठल्याही विषयावर असो, शेवटच्या वाक्यात ‘भविष्यात जीन एडिटिंगच्या दृष्टीने’ एवढं टाका आणि कीवर्डच्या ओळीत तो शब्द चढवा. ठिपका पिवळा होतो.

ॲनिमिया मात्र टाळा. नकाशात तो जांभळा आहे, एका कोपऱ्यात. माझ्या पेपरात मी त्याला ‘अस्तंगत विषय’ म्हटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, पण सर्वेक्षण काही नकाशात येत नाही. १९२८ च्या सुमाराला लूसी विल्स नावाची डॉक्टरीण मुंबईत आली. गिरणीतल्या गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त का आटतं हे शोधताना यीस्टच्या अर्काने, चक्क पावाला लावायच्या मार्माइटने, फरक पडतो हे तिला दिसलं. त्यातूनच पुढे फॉलिक ॲसिड हाती लागलं. आज ती असती तर मी तिला प्रेमाने सांगितलं असतं, बाई, विषय बदल. इथे विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्त्या आहेत, यंत्रमागाची कामगारवस्ती आहे, नमुने म्हणाल तेवढे. पण पिवळं काही नाही. आणि ॲनिमियावरचा उपाय आमच्या सोलापुरात सगळ्यांना पाठच आहे, डाळिंब खा. डाळिंबात लोह नावापुरतंच असतं, पण रंग लाल आहे ना. नकाशा वाचायचीही आपली हीच पद्धत आहे.

माझा नकाशा छापला तो गेल्या मे महिन्यात. विभागात लावायला मोठा हवा म्हणून ग्रंथालयाच्या रंगीत प्रिंटरवर चार तुकड्यांत काढला. त्यातला सगळ्यात मोठा पुंजका लाल येतो. प्रिंट बरी येईना म्हणून तीनदा काढला. तिसरा तुकडा बाहेर येत असतानाच लॅबचा टेक्निशियन दारात उभा राहिला. हाताला जांभळे डाग, कपाळाला घाम, खिशात घडी घातलेली चिठ्ठी.

“ओ सर, जरा एक पत्र काढून द्या की. लिशमन स्टेन संपलाय. पंधरा दिवस झाले, स्मिअर नुसतेच पडलेत.”

लिशमन स्टेन म्हणजे स्मिअर, काचेवर पसरलेलं रक्त, रंगवायचं द्रव्य; त्याशिवाय पेशी नीट दिसत नाहीत. मी पत्र टाइप करून दिलं. वर कॉलेजचं बोधचिन्ह लाल असतं. ते उमटलंच नाही, निळसर सावली तेवढी आली. त्याने कागद उजेडात धरून पाहिला.

“लाल संपली का सर?”

मी नुकत्याच छापलेल्या नकाशाकडे बोट दाखवलं. तो बराच वेळ जवळ जाऊन बघत राहिला, स्लाइड बघतात तसा, एक डोळा बारीक करून. मग म्हणाला, “पेशी झकास दिसायल्यात की. कुठल्या पेशंटच्या?”

पुढच्या पेपरात मी त्याला चौथा लेखक केलंय. तीस टक्के मिळतील.