फारामिरची आईकडची बाजू राहिलीच की

टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या फारामिरवरचा लेख मस्त, पण त्याची वंशावळ देताना नुसती बापाची, डेनेथॉरची, म्हणजे राजाविना गोंडोर राज्य चालवणाऱ्या कारभाऱ्यांची बाजू दिलीय, आईचं काय? आई फिंडुइलास गोंडोरमधल्याच डोल आमरॉथची, तिथल्या राजपुत्र इमराहिलची सख्खी बहीण, आणि त्या घराण्यात एल्फ, म्हणजे अमर वंशाचं, रक्त आहे हे लेगोलास, जो स्वतः एल्फ आहे, इमराहिलला बघताक्षणी ओळखतो. ती तिसऱ्या युगात २९८८ मध्ये गेली तेव्हा फारामिर जेमतेम ५ वर्षांचा, मोठा भाऊ बोरोमिर १० चा, मग बाप आणखीच कडवट झाला आणि धाकट्याला कायम कमी लेखलं, तरी त्या पोराने सगळ्यांना मोहात पाडणारी ती जादूची अंगठी समोर असताना हात लावला नाही राव. मोठ्याला, बोरोमिरला, पडलेला अंगठीचा मोह मात्र मला समजतो, सगळं घराणं त्याच्याकडेच बघत होतं. शेवटी फारामिर गोंडोरमधल्या इथिलियनचा राजपुत्र, रोहान राज्याच्या एओविनशी लग्न, मुलगा एल्बोरॉन, हे पण टाका की लेखात.