पिशवी काढण्याआधी

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला सांगायचं, ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल.’ मग ती मुकादमाकडून उचल घेते आणि ऑपरेशन करून घेते.

मी मँचेस्टरला राहते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं की इथे आधी आतून सोनोग्राफी होते. पिशवीचं आतलं अस्तर जाड वाटलं तर बारीक नळीने तुकडा घेतात, नाहीतर दुर्बीण घालतात. भूल न देता घातलेल्या दुर्बिणीने कित्येकींचा जीव कळवळतो, त्याविरुद्ध ब्रिटनमध्ये बायकांनी मोहीमच उघडली आहे. एवढं सोसून दहातल्या नऊ जणींना कॅन्सर नसतोच! म्हणून इथल्या विद्यापीठात स्त्रियांच्या कॅन्सरच्या डॉक्टर एमा क्रॉसबी यांच्या गटाने लघवीतल्या आणि योनीतून हलकेच घेतलेल्या नमुन्यातल्या पेशी तपासून पाहिल्या. २०२१ च्या त्या अभ्यासात दोनशेच्या वर बायका होत्या. कॅन्सर असलेल्यांपैकी ९१.७ टक्के जणी त्यात सापडल्या, नसलेल्यांपैकी ८८.८ टक्के जणींना ‘नाही’ हे उत्तर बरोबर मिळालं.

पुण्याची माझी डॉक्टर वहिनी म्हणते, ‘अगं, आपल्याकडे गर्भाशयमुखाची तपासणी तरी कुठे धड होते? हे नंतर बघू.’ तिचं पहिलं वाक्य मला मान्य आहे, दुसरं नाही. पिशवी काढायला लावताना कॅन्सरचीच भीती दाखवतात. तिशीतल्या बाईला पिशवीच्या कॅन्सरचा धोका अगदी कमी असतो, तिला औषधाची गरज असते. पण चाळिशी-पन्नाशीत रक्त जाऊ लागलं की घरातले सगळेच हादरतात, आणि तेव्हा हातात ‘नाही’ लिहिलेला कागद लागतो.

धोका आहेच. कॅन्सर नसलेल्या नऊ जणींमागे एकीला ही तपासणी उगाच ‘हो’ सांगेल. इथे त्यानंतर तुकडा तपासतात, ऑपरेशनचं मग बघतात. जिथे तपासणारा आणि कापणारा एकच, तिथे तो ‘हो’ महागात पडेल. म्हणून ही तपासणी सरकारी उपजिल्हा रुग्णालयात, फुकट व्हावी. मँचेस्टरचे आकडे तसेच उचलूनही चालणार नाही. बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी उस्मानाबादच्या गावागावांत लाखावर बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. तसाच अभ्यास आता पिशवीच्या कॅन्सरच्या या तपासणीसाठी बीडमध्ये करा, चाळिशीतल्या ऊसतोड बायकांना घेऊन, आणि त्या तोडीला निघायच्या आधी.