‘पाच टक्क्यांचं कसलं शास्त्र?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: परिसंस्थांच्या अभ्यासात मॉडेलला जेमतेम पाच टक्के चढउतार उलगडता येतात, बाकीचे पंच्याण्णव टक्के अधांतरी, तेव्हा 30 टक्क्यांखालचं आर-स्क्वेअर्ड (मॉडेलनं उलगडलेल्या चढउतारांचा वाटा) असलेला निष्कर्ष धोरणासाठी वापरूच नये. आकडा मीच दिला होता, मोलर आणि जेनियन्स या संशोधकांच्या 2002 सालच्या आढाव्यातला: सरासरी 2.5 ते 5.4 टक्के. त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ मात्र मला अजिबात पटत नाही.

आलेखावरचे ठिपके मधल्या रेषेभोवती किती पसरलेत, एवढंच आर-स्क्वेअर्ड सांगतं. रेषेचा चढ किती, हा प्रश्न वेगळा. फक्त 400 ते 450 मिमी पावसाच्या पट्ट्यातले प्लॉट घेतले तर आर-स्क्वेअर्ड कोसळेल. 100 ते 600 मिमीपर्यंतचे घेतले तर वर जाईल. पाऊस आणि झाडांचं नातं दोन्हीकडे तेच.

आफ्रिकेतल्या सव्हानाचं, म्हणजे विखुरलेल्या झाडांच्या गवताळ प्रदेशाचं, उदाहरण घ्या. महेश संकरन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली ‘नेचर’मध्ये 854 ठिकाणांची माहिती एकत्र मांडली. आडव्या अक्षावर वार्षिक पाऊस, उभ्या अक्षावर वृक्षाच्छादन. एकाच पावसाच्या दोन जागा, एक झाडांनी भरलेली, दुसरी जवळपास उघडी. मधून सरासरीची रेषा ओढून हे चित्र कळतच नाही. आता ठिपक्यांची वरची कड बघा. साधारण 650 मिमीपर्यंत पावसाबरोबर ही कड सरळ चढत जाते. पाऊस ठरवतो ती कमाल मर्यादा. तिच्या किती खाली राहायचं ते आग, चरणारी जनावरं आणि माती ठरवतात. म्हणून त्यांनी सरासरीऐवजी वरच्या टोकाचं क्वान्टाइल रिग्रेशन वापरलं, म्हणजे रेषा ठिपक्यांच्या मधून न ओढता वरच्या कडेनं ओढली. ज्या पसाऱ्याला तुम्ही अपयश म्हणताय, त्यातच आग आणि चराईची कथा आहे. आणि धोरणाला तर हे थेट लागू पडतं: 650 मिमीच्या बऱ्याच खाली आग कितीही विझवली तरी घनदाट जंगल उभं राहणार नाही, त्याच्या वर मात्र आग आणि चराई थांबली की झाडं गवताला झाकून टाकू शकतात.

एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. पाच टक्क्यांच्या मॉडेलवरून अमुक एका प्लॉटवर किती झाडं असतील याचं भाकीत कुणी करत असेल, तर त्याला जरूर विरोध करा. नमुना मोठा असला की क्षुल्लक परिणामही संख्याशास्त्राच्या भाषेत ‘लक्षणीय’ (निव्वळ योगायोग नसलेला) ठरतो, तिथेही ठणकावून विचारा: चढ किती, आणि त्याची विश्वास-मर्यादा, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेचा पट्टा, कुठून कुठपर्यंत?

पण 30 टक्क्यांची चाळणी नको. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोंबनं 1973 साली दाखवलेल्या चारही डेटासंचांचं आर-स्क्वेअर्ड 0.67 आहे, तुमच्या चाळणीतून चारही आरामात पास होतात. त्यातल्या एकात नातं उघड वक्र आहे आणि दुसऱ्या एकात अख्खी रेषा एकाच ठिपक्यावर तोललेली आहे. शिवाय मॉडेलमध्ये आणखी एक चल (मोजलेला घटक) घातला की आर-स्क्वेअर्ड कधीच घटत नाही. आकडा 30च्या वर न्यायचाच असेल तर उंची, उतार, रस्त्यापासूनचं अंतर असं एकेक भरत गेलं की पुरे, आणि तसं फुगवलेलं मॉडेल पुढच्या वर्षीच्या मोजणीत तोंडघशी पडतं.