'ॲक्सेंट सुधारा' म्हणजे नेमकं काय सुधारू?

परवा रात्री साडेअकराला एका मुलीचा मेसेज आला. यवतमाळची आहे, पुण्यात नुकतीच आलीय, व्हॉइस-ओव्हरची कामं शोधतेय. एका ऑडिओबुकसाठी तिने तीन मिनिटांचं सॅम्पल पाठवलं होतं. उत्तर आलं ते एका ओळीचं: 'आवाज छान आहे, पण ॲक्सेंट सुधारा.' त्याखाली तिने मला विचारलं होतं, "ताई, म्हणजे नेमकं काय सुधारू?"

मी सॅम्पल चार वेळा ऐकलं. तीन मिनिटांत दोनच जागा अडल्या. एकदा 'कारण'मधला ण निसटून न झाला होता. आणि 'भेंडी जून निघाली' हे वाक्य वाचताना तिने जून महिन्यातला ज लावला होता. बाकी जे होतं तो तिचा हेल होता. वाक्याचा शेवट थोडा लांबवायचा, शेवटच्या शब्दाला जरा उचलून धरायचं. यवतमाळची माणसं बोलतात तसंच. कथा यवतमाळकडचीच होती, त्यामुळे मला तर तो हेल तिथे शोभून दिसला.

म्हणजे दोन शब्द दुरुस्त करायचे होते. पण 'ॲक्सेंट सुधारा' वाचून ती पोरगी दोन दिवस घरच्यांशी फोनवर बोलतानासुद्धा शब्द तोलून बोलत होती, हे तिनेच मला सांगितलं. हे वाचल्यावर मला झोप लागली नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मी मूळची मूर्तिजापूरची. या कामात मला 14 वर्षं झाली. पहिलं मोठं काम होतं पाण्याच्या पंपाच्या जाहिरातीचं, 30 सेकंदांचं. बूथमध्ये मी एकटी, काचेपलीकडे पाच माणसं. पहिला टेक झाला आणि टॉकबॅकवर आवाज आला, "थोडं गावठी वाटतंय." दुसरा टेक. "अजून आहे." पाचव्या टेकला मी गळा आवळून बोलायला लागले होते, आठव्याला माझा आवाज मलाच ओळखू येईना. काचेपलीकडे कुणी चिडलेलं नव्हतं, अपमान करायचा कुणाचा हेतूही नसावा. त्यांना काहीतरी खटकत होतं आणि नेमकं काय ते त्यांना सांगता येत नव्हतं.

अकराव्या टेकनंतर चहाची सुटी झाली. रेकॉर्डिस्ट काका आत आले, माझ्यासमोरचं पॉप फिल्टर उगाच सारखं केलं आणि हळूच म्हणाले, "ताई, तिसऱ्या ओळीत 'पाणी' आहे ना, तिथे ण सुटतोय. जीभ जरा मागे वळवा. बाकीचं पहिल्या टेकमध्ये होतं तसंच बोला, तोच टेक चांगला होता." बाराव्या टेकला काम झालं. त्या एका वाक्याइतकं मला नंतर कुठल्याच कार्यशाळेने शिकवलं नाही. त्यांनी ओळ सांगितली, शब्द सांगितला, जिभेने काय करायचं ते सांगितलं, आणि काय बदलायचं नाही तेही सांगितलं. हे शेवटचं फार कमी लोक सांगतात.

माझं म्हणणं असं आहे की 'ॲक्सेंट' या एका शब्दाने आपल्या कामात फार घोळ घातलाय. मराठीत याला वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. उच्चार ही एक गोष्ट. हेल ही दुसरी. ठसका, लकब, ढब आणखी निराळ्या. आणि बोली म्हणजे तर अख्खं व्याकरणच वेगळं: 'मला'चं 'मले' होणं किंवा 'का'चं 'काहून' होणं हा काही उच्चाराचा दोष नव्हे. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला यातलं नक्की काय खटकलं, हे त्याने आधी स्वतःशी ठरवायला हवं. 'कारण'मधला ण गेला, हे सांगितलं तर दहा मिनिटांत दुरुस्त होतं. हेल या पात्राला चालत नाही, हे सांगितलं तर तो आवाजाच्या निवडीचा प्रश्न होतो, त्यात बोलणाऱ्याची चूक काहीच नसते. दोन्ही एकाच पिशवीत कोंबून हातात दिलं की समोरच्याला वाटतं, आपलं गावच चुकलंय.

बरं, 'प्रमाण उच्चारां'चा जो दाखला दिला जातो त्याचा आधार तरी काय? शासनाने 1962 साली मान्य केलेले आणि 1972 साली भर घातलेले जे नियम आपण शाळेत शिकलो, ते लेखनाचे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ कुठे, अनुस्वार कुठे, हे त्यात आहे. तोंडाने कसं म्हणायचं ते त्यात नाही. आणि आपली लिपी काही ठिकाणी मदतच करत नाही. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळे आहेत, पण अक्षर एकच. जून महिना आणि जून भेंडी, दोन्ही 'जून'. 'जेवण'चा ज निराळा, 'जरा'चा निराळा. हे कागदावरून कळत नाही, कानावरून कळतं. ज्याच्या घरात मराठी कानावर पडली त्याला न शिकवता येतं. इंदूरला किंवा न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलाने 'चारा' हा 'चार'सारखा म्हटला तर तो निष्काळजी आहे असं नाही, त्याने फक्त जे लिहिलंय ते वाचलंय. त्याला 'मराठी नीट शिक' असं म्हणण्याऐवजी 'चारा' एकदा म्हणून, रेकॉर्ड करून पाठवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते, ती. ण चा न झाला की स्टुडिओत सगळ्यांचे कान टवकारतात. पण 'फवारणी', 'फुलं', 'फळ' म्हणताना दात खालच्या ओठावर टेकवून इंग्रजी 'फॅन'मधला फ काढला, तर कुणी चकार शब्द काढत नाही. मराठीतला फ दोन्ही ओठ मिटून निघतो, प ला ह जोडल्यासारखा. 'ज्ञान'चं 'ग्यान' झालं तरी चालतं, हिंदी ऐकून ऐकून ते आता कानाला सवयीचं झालंय, मराठीत तो उच्चार 'द्न्यान'च्या जवळचा असला तरी. 'ऐक' आणि 'पैसा'मधला ऐ हिंदीसारखा सपाट झाला तरी कुणाला खटकत नाही. म्हणजे चूक सगळीकडे होते, पण शहरातल्या चुकीला नाव नाही आणि गावातल्या चुकीला 'गावठी' हे नाव तयार आहे. ज्याला आपण न्यूट्रल आवाज म्हणतो तो न्यूट्रल नसतो. ऐकणाऱ्यांना तो फक्त स्वतःसारखा वाटतो.

हे लिहिताना मला माझंही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी एका प्रकल्पासाठी सॅम्पल ऐकून निवडायचं काम माझ्याकडे होतं. 60 च्या वर फायली होत्या. कुडाळच्या एका मुलाची फाईल रात्री दोनला ऐकली. आवाज खोल, वाचन समजून केलेलं. मी शेऱ्यात लिहिलं: 'मालवणी टोन जास्त आहे, काम करावं लागेल.' कुठल्या शब्दात, कुठल्या सेकंदाला, काहीच लिहिलं नाही, कारण मी थकले होते आणि मला पुढच्या फायलीकडे जायचं होतं. त्याने नंतर पुन्हा सॅम्पल पाठवलं नाही. काही महिन्यांनी ती फाईल मी पुन्हा उघडली आणि कागद-पेन घेऊन बसले. नऊ मिनिटांत एकही उच्चार चुकलेला नव्हता. एकही. होता तो फक्त त्याच्या बोलण्याचा चढउतार, आणि तोही तिथल्या समुद्रकाठच्या प्रसंगांना बळ देणारा. मी त्याला शोधून फोन केला, माफी मागितली. तो चांगलं बोलला, पण त्याने तोवर ते काम सोडून दिलं होतं. मला काचेपलीकडून जे मिळालं होतं तेच मी त्याला दिलं, आणि त्याच्या बाजूला रेकॉर्डिस्ट काकाही नव्हते.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते. शेरा लिहिताना आधी वेळ लिहायची, मग शब्द, मग मला काय ऐकू आलं, मग तिथे काय हवं. '2:14, जून, मला महिना ऐकू आला, इथे भेंडीचा जून हवा.' असं लिहिता आलं नाही तर मी मानते की माझ्याकडे अजून फीडबॅक नाही, नुसती नाराजी आहे. मग पुन्हा ऐकते. कधीकधी कळतं की अडचण आवाजात नव्हतीच. हिंदी स्क्रिप्टचा जसाच्या तसा अनुवाद होता, वाक्य 20 सेकंदांत मावत नव्हतं आणि वाचणारी बिचारी धापा टाकत होती. त्याला 'फ्लो नाही' म्हणतात आणि खापर आवाजावर फोडतात. आवाजात 'थोडं स्माइल' आण, 'थोडा वॉर्म' कर, हे तर रोजचंच. बायकांना जास्त.

फीडबॅक घेणाऱ्यांसाठीही थोडं सांगते, कारण आम्ही आवाजवाले फार हळवे असतो. चित्रकाराचं चित्र त्याच्यापासून हातभर लांब असतं. आवाज तसा लांब ठेवता येत नाही, तो आपल्याच छातीतून निघतो. म्हणून 'ण सुटला' असं कुणी म्हणालं तरी आपल्याला 'तू सुटलीस' असं ऐकू येतं. पण माझ्या बोलीचा अभिमान मला 'जून' चुकीचा वाचायची मुभा देत नाही. असे अनेक जण मी पाहिलेत, जे प्रत्येक दुरुस्तीला 'आमच्याकडे असंच म्हणतात' हे उत्तर देतात. कधी ते खरं असतं, कधी आळस असतो, आणि यातला फरक आपल्याला स्वतःला पक्का माहीत असतो. मोघम शेरा आला तर त्या रात्री उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी फोनच्या साध्या स्पीकरवर स्वतःचं ऐका, आणि मग एकच प्रश्न विचारा: कुठे? याचं उत्तर द्यायला बहुतेक लोकांची ना नसते. त्यांना तोवर कुणी ते विचारलेलंच नसतं.

हा विषय आता आमच्या पोटापाण्यापुरता राहिलेला नाही. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या खुल्या प्रकल्पात मराठीही आहे. लोक वाक्यं वाचून देतात, दुसरे लोक ती ऐकून हो किंवा नाही सांगतात, आणि मान्य झालेल्या आवाजांवरून यंत्रांना भाषा शिकवता येते. तिथे सूचना स्पष्ट आहे की हेल वेगळा म्हणून नाकारू नका, शब्द चुकीचा वाचला असेल तर नाकारा. हाच फरक मी वर सांगत होते. पण तिथे बटण दाबणारी माणसं आपणच आहोत. चंद्रपूरच्या, नंदुरबारच्या आवाजावर आपण सवयीने 'नाही' दाबत गेलो, तर उद्याच्या यंत्राला तिथल्या आजीचं बोलणं कळणार नाही. आणि ज्यांना हे आवाज ऐकायची सवयच नाही त्यांनी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचं संकेतस्थळ उघडावं. गावोगावच्या माणसांची ध्वनिमुद्रणं आहेत तिथे. रोज दोन ऐका, कान बदलतो.

शेवटी मामांचं सांगते. दोन वर्षांपूर्वी कापूस उत्पादकांसाठी फोनवर जाणारे छोटे संदेश मी रेकॉर्ड केले, गुलाबी बोंडअळीबद्दल. फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेला कापूस) घेऊ नका, अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा, फवारणी कधी करायची, असं सगळं. स्टुडिओत पहिल्याच टेकला सगळ्यांनी वाहवा केली. मी तो मामांना पाठवला, त्यांचं आठ एकर वावर आहे. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आवाज तुयाच हाय हे समजलं बाई," ते म्हणाले. "पन फवारनी अन् फरदड तू आपल्यावानी नाई म्हनली. मले वाटलं कोनी कंपनीवाली बोलून राह्यली."

मी पुन्हा ऐकलं. दोन्ही शब्दांत माझे दात ओठावर होते. इतक्या वर्षांत पुण्यात राहून माझा फ गेला होता आणि मला ते एकाही स्टुडिओने सांगितलं नव्हतं. मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा रेकॉर्ड केलं, ण तसाच ठेवून आणि फ परत आणून. मामांना पाठवलं.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पन 'हेक्टरी पाच सापळे' म्हनतानी तू घाई केली. आमाले आकडा लिवून घ्या लागते ना."

मी 'पाच'च्या आधी अर्ध्या सेकंदाची जागा सोडून तेवढंच वाक्य पुन्हा म्हणून मूळ रेकॉर्डिंगमध्ये जोडलं आणि तीच फाईल पुढे पाठवली.