भाव काय चाललाय म्हणे!

ब्रिटनमध्ये एखाद्या पक्षनेत्याची खुर्ची जरा डळमळली की झालं सुरू! धोरणं गेली खड्ड्यात, आधी बुकींचा भाव सांगा. कोण फेव्हरिट, कोण घसरला, कोणावर पैसा लागला. अरे, पक्षाची निवडणूक आहे की घोड्यांची डर्बी?

आणि या भावांनी दिवे तरी काय लावलेत? 2015 मध्ये मजूर पक्षाच्या शर्यतीत जेरेमी कॉर्बिन यांचा सुरुवातीचा भाव एकास शंभर किंवा त्याहूनही वर, म्हणजे जिंकायची आशा जवळपास शून्य. निकाल? पहिल्याच फेरीत 59.5 टक्के मतं! 2016 मध्ये हुजूर पक्षात बोरिस जॉन्सन फेव्हरिट. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी गड्यानं मैदानच सोडलं. 2024 मध्ये त्याच हुजूर पक्षात तर कहर. 8 ऑक्टोबरला खासदारांच्या मतदानात जेम्स क्लेव्हर्ली 39 मतांसह पहिले, लगेच सट्टेबाजांचे लाडके. दुसऱ्या दिवशी 37 मतं आणि थेट घरी! प्रतिस्पर्धी केमी बेडनॉक 42, रॉबर्ट जेनरिक 41. मतदार अवघे 121 खासदार, गुप्त मतदान, तोंडावर एक आणि चिठ्ठीवर भलतंच. यांच्या पोटातलं यांच्या बायकोला कळत नाही, बुकीला काय कळणार, कपाळ?

थोडा पैसा एका नावावर पडला की भाव उतरतो, म्हणजे जिंकायची शक्यता वाढली असं धरायचं. भाव उतरला की ‘जोरदार मुसंडी’ची बातमी. बातमी वाचून आणखी पैसा! बरं, सगळ्या उमेदवारांच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज करून बघा, शंभर टक्क्यांच्या वर जाते. तो वरचा मलिदा बुकीचा. आणि याला म्हणायचं राजकीय विश्लेषण?